माणसांत परत : गुन्वोर होफमोच्या गावात सहा दिवस

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि ओस्लोत दिवेलागण होऊन गेली होती. ताई स्टेशनवर घ्यायला आली होती, सोबत छकुली. "अगं, नोव्हेंबरात कुणी येतं का इथे? जूनमध्ये आली असतीस तर रात्री दहाला उन्हात बसलो असतो," हे ताईने फोनवर तीनदा सांगून झालं होतं, तेच ट्राममध्ये चौथ्यांदा सांगितलं. मी म्हटलं, मला नोव्हेंबरच बघायचाय. ज्या बाईसाठी मी आले, तिच्या एका संग्रहाचं नावच 'नोव्हेंबर' आहे. तिच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले, तो दिवसही नोव्हेंबरातला.

बाईचं नाव गुन्वोर होफमो. ३० जून १९२१ ला ओस्लोत जन्मली, १७ ऑक्टोबर १९९५ ला ओस्लोतच गेली. मधल्या काळात वीस कवितासंग्रह. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेजियन कवितेत जे नवं वळण आलं, त्याच्या अगदी तोंडाशी ही उभी आहे.

नऊ वर्षांपूर्वी ताईच्या बाळंतपणाला आले होते तेव्हा मी इथे तीन महिने राहिले. बाळ झोपलं की ताई म्हणायची, जा जरा बाहेर. तेव्हा मी सार्वजनिक वाचनालयातल्या 'स्प्रॉककाफे'ला जायला लागले. परदेशी माणसं आणि इथली निवृत्त मंडळी एका टेबलाशी कॉफी घेऊन बसतात आणि नॉर्वेजियन बोलतात, एवढंच. मी साताऱ्याला कॉलेजात मराठी शिकवते हे कळल्यावर एका आजींनी माझ्या वहीत एक ओळ लिहून दिली आणि विचारलं, हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल? ती होफमोच्या पहिल्या संग्रहाचं नाव होती, १९४६ सालचं. 'यै विल येम तिल मेन्नेस्केने.' मला, घरी, माणसांकडे. एवढाच अर्थ.

मी पटकन म्हटलं, "मला माणसांत परत जायचंय." आजींना ते उलट इंग्रजीत समजावून सांगितलं तेव्हा मीच थबकले. आपल्याकडे 'माणसांत येणं' याला दुसराही अर्थ आहे. तापातून उठलेला, दारू सुटलेला, डोकं ताळ्यावर आलेला माणूस 'माणसांत आला' असं आपण म्हणतो. नॉर्वेजियनमध्ये तसं काही नाही. तिथे फक्त घर आहे आणि माणसं आहेत. पण पुढे या बाईचं आयुष्य वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या भाषेने तिचं भविष्य आधीच ओळखलं होतं की काय.

आणि दुसरी अडचण तेव्हापासून वहीत तशीच पडून आहे. त्या मूळ ओळीत इच्छा आहे, पण जाण्या-येण्याचं क्रियापदच नाही. 'मला घरी' एवढंच म्हणून नॉर्वेजियन माणूस थांबू शकतो. मराठीत ठरवावं लागतं, 'जायचंय' की 'यायचंय'. म्हणजे बोलणारी कुठे उभी आहे, आणि ऐकणारे कुठे.

साताऱ्याला परतल्यावर भाषेचा नाद मी सोडला नाही. नऊ वर्षांत वीसपैकी बहुतेक संग्रह शब्दकोश घेऊन वाचले. आता ती राहिली, फिरली, गप्प झाली त्या जागा बघायच्या होत्या.

रात्री वरणभात. छकुलीने माझे उच्चार तपासले. 'योविक' या गावाच्या नावात सुरुवातीला 'ग' लिहितात पण म्हणत नाहीत, हे तिने मला चार वेळा म्हणायला लावलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेआठनंतर उजाडतं. साडेनऊला निघाले तरी पहाटेसारखं वाटत होतं. बर्फ पडून अर्धवट वितळलेलं, पायाखाली करकरणारं.

बिस्लेटच्या मैदानाजवळ दाल्सबर्गस्तीएन नावाची छोटी चढती गल्ली आहे. तीन नंबरच्या घरासमोर फुटपाथमध्ये हाताच्या पंजाएवढा पितळी चौकोन बसवलेला आहे. इथे अशा चौकोनांना 'स्नुब्लेस्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागेल असा दगड. ज्या घरातून माणसाला उचलून नेलं, त्या घरासमोर त्याचं नाव. या दगडावर रूथ मायरचं आहे.

होफमोबद्दल सांगायचं तर रूथबद्दल आधी सांगायला हवं. रूथचा जन्म १० नोव्हेंबर १९२० चा, व्हिएन्नातल्या ज्यू घरातला. वडील कामगार संघटनेतले, लवकर वारले. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर धाकटी बहीण इंग्लंडला गेली आणि रूथ जानेवारी १९३९ मध्ये नॉर्वेला आली. ओस्लोजवळच्या लिल्लेस्त्रोमला एका कुटुंबाने तिला ठेवून घेतलं. तिने भाषा इतक्या झटपट उचलली की पुढे तिची रोजनिशीही जर्मन सोडून नॉर्वेजियनमध्ये वळली. १९४० च्या वसंतात शालान्त परीक्षा दिली. त्याच वसंतात जर्मन सैन्य नॉर्वेत उतरलं. ज्या गोष्टीपासून पळून आली, ती मागोमाग आली.

गुन्वोर ओस्लोच्या कामकरी, डाव्या विचारांच्या घरातली. तिचे काका रोल्फ होफमो हे कामगारांच्या क्रीडा चळवळीतले मोठं नाव. ते युद्धात जर्मनांच्या छळछावणीत होते आणि १९५२ चं हिवाळी ऑलिम्पिक ओस्लोत भरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याचं उद्घाटन याच बिस्लेटवर झालं. या दोन मुलींची गाठ पडली १९४० च्या शरदात, बीरी नावाच्या खेड्यात, मुलींच्या श्रमदान शिबिरात. त्यानंतर दोन वर्षं त्या जवळजवळ एकमेकींच्या सावलीत होत्या. कामाला एकत्र, फिरायला एकत्र, वाचायला एकत्र. मैत्रिणी होत्या, आणि मैत्रिणींहून अधिक होत्या.

२६ नोव्हेंबर १९४२ ला ओस्लोतल्या ज्यू बायका-मुलांची धरपकड झाली. धरायला आलेले पोलीस नॉर्वेजियन होते आणि माणसं बंदरावर न्यायला शहरातल्या टॅक्सी वापरल्या. रूथ इथे मुलींच्या वसतिगृहात राहत होती. ती बावीस वर्षांची होऊन सोळा दिवस झाले होते.

मी फुटपाथवर उकिडवी बसून रुमालाने दगड पुसला. एक तरुण कुत्रा घेऊन चालला होता, तो थांबला, काही बोलला नाही, कुत्र्याला वळसा घालून नेलं.

तिथून फ्रोग्नर पार्क. गुस्ताव विगेलानची दोनशेहून जास्त शिल्पं तिथे आहेत, आणि पर्यटक बहुतेक सगळे पुलावरच्या चिडलेल्या पोराच्या पुतळ्याशी आणि मधल्या उंच खांबाशी असतात. मी शोधत होते ती 'चकित झालेली' नावाची एकटी बाई. उघडी असताना कुणीतरी अचानक समोर यावं आणि अंग चोरून हात पुढे जावेत, तशी. विगेलानने हे शिल्प तरुणपणी सुरू केलं आणि १९४२ मध्ये पुरं केलं. त्या शेवटच्या टप्प्यात त्याच्यासमोर उभी राहिलेली मॉडेल रूथ होती. ब्राँझमध्ये ते ओतलं गेलं २००२ मध्ये. पुतळ्याच्या खांद्यांवर बर्फ साचलं होतं. मला ते झाडून टाकावंसं वाटलं, पण हात पोचला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

बीरी. ताई म्हणाली, "तिथे बघण्यासारखं काही नाही, मी गुगलवर पाहिलं." खरंच नाही. मला एखादं घर शोधायचं नव्हतंच. मला फक्त ते पाणी बघायचं होतं.

ओस्लोहून योविकला रेल्वेने दोन तास, पुढे बस. रविवारी बस कमी, आणि माझी माझ्याच गोंधळाने चुकली. तास-दीड तास एका काचेच्या थांब्यात बसले. थर्मासमधला चहा संपला. पण त्या वेळात पिशवीतला पहिला संग्रह पुन्हा वाचून झाला, तो तसा एका बैठकीत एरवी झाला नसता.

त्यात 'आता रोजचा दिवस उरला नाही' या आशयाची एक कविता आहे, रूथ गेल्यानंतरची. देवाला उद्देशून सुरू होते, तू अजून बघत असशील तर बघ, असं. लाल झाडांना टांगलेली काळी प्रेतं, मुक्या किंकाळ्या, आणि मग ऐक म्हणते, किती शांत आहे. कवितेला यमक आहे, ताल आहे, जवळजवळ प्रार्थनेसारखी चाल आहे. नवकविता म्हणून ज्यांना मोडकीतोडकी रचनाच हवी असते त्यांना हे जुनं वाटेल. मला वाटतं, तिने जुनी चाल मुद्दाम घेतली. देवळातल्या चालीवर देवाला असा जाब विचारला की ती चाल आतून तुटते. पुढल्याच संग्रहात, १९४८ च्या 'दुसऱ्या एका वास्तवातून'मध्ये, तिने ती चाल सोडली.

तिथल्या 'रोजचा दिवस' या शब्दापाशी मी नेहमी अडते. नॉर्वेजियन शब्द 'व्हॅरदाग'. रविवार, सणवार सोडून जो दिवस असतो तो. शाळा, डबा, कपडे वाळत घालणं, बस. 'नित्याचा दिवस' म्हटलं तर पूजेचा वास येतो. 'रहाटगाडगं' म्हटलं तर तक्रार येते. तिच्या शब्दात तक्रार नाही, हरवलेल्या साध्या गोष्टीची ओढ आहे. मी सध्या 'रोजचा दिवस' असं साधंच ठेवलंय.

बीरीला उतरले तेव्हा दीड वाजला होता. म्योसा हे नॉर्वेतलं सगळ्यात मोठं सरोवर, शंभर किलोमीटरहून जास्त लांब, समोरचा काठ धूसर निळा. पाणी अजून गोठलं नव्हतं, राखाडी रंगाचं, हललंच नाही तर शिसं वाटेल असं. उतारावर शेतं, लाल कोठारं, धूर. इथे दोन मुली बटाटे-भाजी-गवताच्या कामाला आल्या. एक व्हिएन्नाची, पुस्तकं वाचून झोप उडवून घेणारी, आणि दुसरी ओस्लोची, कविता लिहून बघणारी. मी काठाने तासभर चालले. दोघींना या पाण्यापाशी दोनच वर्षं पुढचं काही दिसलं नव्हतं, हा विचार डोक्यातून जाईना.

परतीच्या गाडीत अंधारच होता. रूथच्या वह्या आठवत होत्या. रूथ गेल्यावर तिच्या रोजनिशा आणि पत्रं गुन्वोरने जपून ठेवली. १९५३ मध्ये त्यातला काही भाग छापावा म्हणून ती प्रकाशकाकडे गेली, आणि तिला नकार मिळाला. त्या वह्या पुन्हा तिच्याकडेच राहिल्या, इस्पितळाची वर्षं गेली, घरं बदलली, बेचाळीस वर्षं आणखी गेली. ती वारल्यावर कवी यान एरिक वोल्ड तिचे कागद लावत असताना त्याला त्या सापडल्या, आणि २००७ मध्ये त्याने त्या संपादित करून छापल्या. मग जगाला कळलं की रूथ मायर किती विलक्षण लिहीत होती. ज्या बाईला लोक 'भ्रमिष्ट' म्हणून ओळखत होते, तिने अर्ध्या शतकात एक पान हरवू दिलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रिक्सहॉस्पिटालेतच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून चालत गाउस्ताद. नॉर्वेचं पहिलं सरकारी मनोरुग्णालय, १८५५ मध्ये सुरू झालेलं. विटांच्या लांबलचक इमारती, मधोमध घड्याळाचा मनोरा, आसपास जुनी झाडं. एखाद्या जुन्या कॉलेजची इमारत म्हणून खपेल. मी आत गेले नाही, जायचं कारणही नव्हतं. बाहेरच्या वाटेवरून दोन फेऱ्या मारल्या.

होफमोची पहिली पाच पुस्तकं १९४६ ते १९५५ या काळातली. पाचव्याचं नाव 'एका अनंतासाठी मृत्युपत्र'. त्यानंतर सोळा वर्षं एकही पुस्तक नाही. त्यातला बहुतेक काळ ती इथे होती. निदान होतं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. तो काळ या रोगावर कठोर उपचारांचा होता. याच इस्पितळात मेंदूच्या शस्त्रक्रियाही झाल्या आहेत.

मला इथे माझ्या आत्याबद्दल लिहायचं आहे. कधी कुठे लिहिलं नाही, पण ही वाट चालताना तीच सोबत होती. आत्या अकरा वर्षं एका मनोरुग्णालयात होती. मी लहान होते. घरात तिचं नाव निघालं की आजी म्हणायची, "ती माणसांत नाही गं." ती परत आली तेव्हा मी नववीत होते. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, माणसांत आली. ती ओट्याशी उभी राहून एकसारख्या गोल पोळ्या लाटायची आणि दिवसदिवस बोलायची नाही. तिला कुणी विचारलं नाही की तिथे काय होतं, तुला काय दिसायचं, तू कुणाला हाक मारायचीस. मीही नाही विचारलं, आणि मी तर तोवर वाचणारी, लिहिणारी मुलगी होते. आत्या गेली त्याला बारा वर्षं झाली.

'दुसऱ्या एका वास्तवातून' या कवितेत होफमो म्हणते की वास्तव, वास्तव या ओरड्याने माणूस आजारी पडतो. आणि ती म्हणते की ती वस्तूंच्या फार जवळ गेली, इतकी की जळत त्यांच्या आरपार निघाली आणि आता पलीकडच्या बाजूला उभी आहे, जिथे उजेड आणि अंधार वेगळे झालेले नाहीत. ही कविता १९४८ ची आहे, निदान होण्याच्या कितीतरी आधीची. तरी बहुतेक जण ती आजाराची लक्षणं म्हणून वाचतात. मला ते मान्य नाही. वस्तूंपासून दूर गेल्याने तिला वास्तव दिसेनासं झालं, असं ती म्हणतच नाही. ती उलट म्हणते, मी फार जवळ गेले. ज्याला २६ नोव्हेंबर १९४२ नंतर सगळं पूर्ववत चालू झालेलं बघवत नाही, तो आजारी, की ज्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच टॅक्सी पुन्हा भाड्याने फिरवल्या ते निरोगी? हा प्रश्न तिच्या कवितेत आहे, आणि मी तो सौम्य करून सांगणार नाही.

भाषांतरात इथे आणखी एक गोष्ट होते. नॉर्वेजियन 'मी'ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. 'मी जळत आरपार गेले' लिहिलं की मराठीत ती लगेच बाई होते. कवितेतली 'तू' रूथ असेल तर 'तू गेलीस' म्हणावं लागतं. मूळात जे झाकलेलं राहू शकतं ते आपल्या भाषेत उघडं पडतं. १९४० च्या दशकात एका बाईने दुसऱ्या बाईवर असं प्रेम करणं तिथे उघड बोलायची गोष्ट नव्हती. पुढे ती आस्त्रिद तोल्लेफसेन या कवयित्रीबरोबर काही वर्षं राहिली, तेही तसंच. मला आपल्या भाषेचं हे उघडं करणं इथे चांगलं वाटतं. 'गेलीस' लिहिताना माझा हात अडखळत नाही.

दुपारी सोल्ली प्लासला राष्ट्रीय ग्रंथालयात. नॉर्वेजियन भाषेतली छापील पुस्तकं स्कॅन करून ठेवायचं प्रचंड काम त्यांनी केलं आहे. इथे बसून एकामागोमाग एक संग्रह उघडता येतात. मी १९५५ च्या पुस्तकाचं शेवटचं पान आणि १९७१ च्या पुस्तकाचं पहिलं पान शेजारीशेजारी ठेवून बघितलं. मधली सोळा वर्षं पडद्यावर बोटभर पांढऱ्या पट्टीएवढी दिसत होती.

१९७१ च्या पुस्तकाचं नाव 'पृथ्वीवर पाहुणा'. की 'पाहुणी'? मी 'पाहुणी' घेतलं आहे. या पुस्तकाला त्या वर्षीचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. आणि आवाज बदलला आहे. ओळी आखूड, यमक नाही, झाड, पक्षी, तारा, रात्र, एवढाच ऐवज. पहिल्या पुस्तकांत ती देवाशी भांडत होती. इथे ती बर्फावर उमटलेल्या पावलांसारखं लिहिते. मला दोन्ही आवडतात, पण निवड करायलाच सांगितली तर मी नंतरची होफमो घेईन. भांडताना माणसाला समोर कुणीतरी लागतं. नंतरच्या कवितांत समोर कुणी नाही, तरी ती बोलते आहे.

ग्रंथालयातून बाहेर पडले तेव्हा चार वाजले होते आणि गडद रात्र होती. ताईला फोन करून आत्याबद्दल बोलले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तिला लाडू आवडायचे, बेसनाचे. तुला आठवतं?" मला आठवत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बसने बिग्दोयला. तिथे 'व्हिला ग्रान्दे' नावाचा दगडी वाडा आहे. युद्धकाळात जर्मनांच्या बाजूने राज्य केलेला क्विस्लिंग तिथे राहायचा. आज तिथे होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा अभ्यास करणारं केंद्र आहे. ज्याने या माणसांना पाठवलं त्याच्याच घरात त्यांची नावं भिंतीवर आहेत, आणि रूथ मायरचे कागद तिथेच जपले आहेत. नॉर्वेतून ७७३ ज्यू हद्दपार केले गेले. मी भिंतीवर रूथचं नाव शोधलं, सापडलं, आणि मग ज्यांना शोधायला कुणी आलं नसेल अशी काही नावं मुद्दाम वाचली.

दुपारी दोनला आकेर्सहुस किल्ल्याखालच्या धक्क्यावर. ताई ऑफिसातून लवकर निघून आली होती, मी बोलावलं नव्हतं. "आज एकटी नको जाऊस," एवढंच म्हणाली.

धक्क्याजवळ गवतावर आठ लोखंडी खुर्च्या आहेत, ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलीने केलेल्या, २००० साली बसवलेल्या. खुर्च्यांना बैठकच नाही, नुसती चौकट. पाण्याकडे तोंड करून, काही जोडीने, काही सुट्या. 'डोनाउ' नावाचं मालवाहू जहाज इथून ५३२ माणसं घेऊन दुपारी तीनच्या सुमाराला निघालं. चार दिवसांनी श्टेटिन बंदर, तिथून गुरांच्या डब्यांतून ऑश्वित्झची छळछावणी. १ डिसेंबरला पोचल्यावर बायका, मुलं, म्हातारे यांना थेट गॅसकडे नेलं. रूथ त्यांच्यात होती.

जहाजावरून तिने गुन्वोरला एक पत्र बाहेर पोचवलं. त्यात ती म्हणते की हे असं झालं ते बरंच झालं, एवढं दुःख जगात असताना आम्हीच का भोगू नये, माझी काळजी करू नकोस. बावीस वर्षांची मुलगी जहाजात डांबलेली असताना दुसरीची समजूत घालते आहे. हे पत्र गुन्वोर पुढे त्रेपन्न वर्षं जवळ बाळगून होती. मी हे ताईला मराठीत सांगत होते आणि मधेच मला पुढे बोलता येईना. ताईने माझ्या हातमोज्यावर हात ठेवला.

२०१२ च्या जानेवारीत त्या वेळचे पंतप्रधान येन्स स्तोल्तेनबर्ग यांनी इथेच उभं राहून नॉर्वेच्या वतीने माफी मागितली, आणि भाषणात रूथचं नाव घेतलं. हे सगळं ऐकायला गुन्वोर नव्हती. तिने सत्तर वर्षांपूर्वीच ऐकलं होतं, एवढंच म्हणता येईल.

एका खुर्चीखाली कुणीतरी काचेत मेणबत्ती ठेवली होती. सव्वातीन झाले तसा फ्योर्डवरचा, म्हणजे आत शिरलेल्या खाडीवरचा उजेड गेला. आम्ही दिवे लागेपर्यंत उभ्या होतो. मी मनात म्हणून बघत होते, मला माणसांत परत जायचंय, आणि त्या खुर्च्यांसमोर ते वाक्य चुकीचं वाटत होतं. कुठल्या माणसांत? धक्क्यावर बायकामुलांना टॅक्सीतून उतरवणारीही माणसंच होती. १९४६ मध्ये पंचविशीतल्या मुलीने हे नाव पुस्तकाला दिलं तेव्हा तिला हे माहीत होतं. तरी तिने 'माणसं' हाच शब्द ठेवला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

शेवटचा दिवस. रात्रीचं विमान. सामान बांधून दुपारी एकेबेर्गवर चढणाऱ्या ट्रामने निघाले. खाली सगळं शहर, फ्योर्ड, बंदर दिसत जातं. योम्फ्रुब्रोतेनला उतरले आणि पायी सिमेन्सब्रोतेनकडे. पूर्वी इथून ट्रामचा एक छोटा फाटा जायचा, तो १९६७ मध्ये बंद झाला. 'ब्रोतेन' म्हणजे झाडझुडूप जाळून मोकळी केलेली जमीन. आपल्या कोकणात, घाटात राब भाजतात, कुमरीची शेती करायचे, त्याच जातीचा शब्द. जळत आरपार गेलेली बाई अखेरीस या नावाच्या वस्तीत राहिली, हे मी उगाच जोडते आहे, पण मनातून जात नाही.

साधी वस्ती आहे. तीन-चार मजली इमारती, सायकली, बर्फ ओढायचे फावडे, बाल्कनीत घडी केलेल्या खुर्च्या. इथल्या एका फ्लॅटमध्ये तिची शेवटची वर्षं गेली, आणि त्यातली बरीच वर्षं ती घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. लोकांना ही गोष्ट सांगायला आवडते, अंधाऱ्या खोलीतली वेडी कवयित्री म्हणून. वोल्डने लिहिलेल्या तिच्या मोठ्या चरित्राच्या नावाचाही अर्थ 'अंधाराची गायिका' असा आहे. ते चरित्र फार मोलाचं आहे, त्याच्याशिवाय मी इथे आलेच नसते, पण नाव मला अर्धंच पटतं. १९७८ ते १९९४ या काळात या बाईने दहा संग्रह दिले. 'उशीर झालाय', 'डोंगराला द्या', 'तारे आणि बालपण', 'पक्षी', 'रात्री सगळंच निनावी', 'काळ', आणि शेवटी 'उपसंहार'. दार बंद करून बसलेली माणसं दर दीड-दोन वर्षांनी बाहेर टपाल पाठवत नाहीत. तिचं दार बंद होतं, पण पत्रपेटी उघडी होती.

साडेतीनला खिडक्यांत दिवे लागायला लागले. ख्रिसमसच्या आधी इथे खिडकीत कागदी तारे टांगतात, आत बल्ब असतो. त्याची वेळ अजून आली नव्हती, तरी एक-दोन घरांत लागले होते. एका तळमजल्याच्या स्वयंपाकघरात एक बाई भांडी विसळत होती, मागे रेडिओ चालू असावा, कारण तिची मान हलत होती. फुटपाथवरून शाळेतून येणारी तीन मुलं दप्तरं घासत गेली. बुधवार होता. व्हॅरदाग.

मी एका भिंतीच्या आडोशाला उभी राहून वही काढली. हातमोजा काढल्यावर बोटं लगेच बधिर झाली. नऊ वर्षं त्या पानावर 'जायचंय' लिहिलेलं होतं. 'जायचंय' म्हणणारी आपल्याशी बोलत नाही, ती कुणा तिसऱ्याला सांगते की मी तिकडे निघाले. पण होफमो इतकी वर्षं बंद दाराआडून आपल्यालाच सांगत होती. ऐकणारे आपण होतो, इकडे, रोजच्या दिवसात उभे. मी 'जा' खोडला आणि वर 'या' लिहिला. मला माणसांत यायचंय.

ट्राम यायला सात मिनिटं होती. मी वही पिशवीत ठेवली आणि बधिर बोटं खिशात घातली.